मदत हवी आहे: प्रतीक कुहाड यांचा बदलता ध्वनी चार गाण्यांत कसा ऐकवावा?

मालवणातील आमच्या वाचनालयात हिंदी आणि इंग्रजीत गाणारे गीतकार-गायक प्रतीक कुहाड यांच्या वाटचालीवर तासाभराचा श्रवण-कार्यक्रम करावयाचा आहे. श्रोते बहुतेक भजनी मंडळांतील असून त्यांचे कान तयार आहेत, मात्र इंग्रजी गाणी त्यांच्या परिचयाची नाहीत. त्यासाठी प्रत्येक गाण्याचा आशय मी आधी मराठीत सांगणार आहे.

प्रथम मी कालक्रम धरला: २०१३ चे ‘रात राज़ी’, २०१५ चा अल्बम ‘इन टोकन्स अँड चार्म्स’, २०१८ चे ‘कोल्ड/मेस’, जे २०१९ मध्ये बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आले, आणि २०२२ चा अल्बम ‘द वे दॅट लव्हर्स डू’. आमच्या पखवाजवाल्या बुवांनी हेडफोन लावून, मांडीवर बोटांनी ठेका धरत सारे ऐकले आणि म्हणाले, “वाद्ये वाढली, पण गळा खंय बदललो?” प्रश्न रास्त आहे. शिवाय २०२० चे ‘कसूर’ पुन्हा गिटार आणि आवाज एवढ्यावरच येते, त्यामुळे साधेपणाकडून भरगच्च वाद्यमेळाकडे जाणारी माझी सरळ रेषा तिथेच तुटते. नंतर हिंदी आणि इंग्रजी गाणी वेगळी लावून पाहिली, पण मग फरक केवळ भाषेचा वाटू लागला.

ध्वनिक्षेपक एकच आणि लहान असल्याने खर्जातील बारकावे नीट पोहोचणार नाहीत, आणि चारांहून अधिक गाणी बसणार नाहीत. अशा वेळी कोणती चार गाणी, कोणत्या क्रमाने घ्यावीत, आणि प्रत्येकात गायकीतील नेमकी कोणती जागा ऐकायला सांगावी?