मदत हवी आहे: अमेरिकेत गेलेल्या चुलत पणजोबांच्या नागरिकत्वाचे कागद कुठे मिळतील?

रानजाई
पणजोबांचे धाकटे भाऊ अमेरिकेला गेले ते परत आलेच नाहीत. घरात एवढंच सांगतात, की त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं होतं आणि मग सरकारने ते काढून घेतलं. मला ते कागद हवेत. एलिस आयलंडच्या, म्हणजे बोटीने आलेल्यांची नोंद व्हायची त्या ठाण्याच्या, साइटवर नाव टाकलं, काही येत नाही. पुढच्या महिन्यात सगळं कुळ गावी जमतंय. आजी नव्वदीपुढची आहे, तिला काकांचं काय झालं ते कळायला हवं. अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा, 'गुगल करा' नको.

टिपणवही
साल? बंदर? काम काय करत होते? नावाचं स्पेलिंग? यातलं काहीच नाही तुमच्या धाग्यात. एलिस आयलंड न्यू यॉर्कचं. हाँगकाँगवरून पॅसिफिक ओलांडला असेल तर सिअ‍ॅटल नाहीतर सॅन फ्रान्सिस्को बघायला हवं. बरेच जण आधी कॅनडात उतरून खाली आले.

रानजाई
पहिल्या महायुद्धाच्या आधी गेले. लाकडाच्या गिरणीत होते म्हणे. आडनाव व्यनि (खाजगी निरोप) करते.

वणवा
लाकडाची गिरणी म्हणजे गदर, इंग्रजांविरुद्धची चळवळ! ऑरेगॉन-वॉशिंग्टनच्या गिरण्यांतूनच ती चळवळ उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ ला तिच्या 'गदर' वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे तिथूनच परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फासावर गेले. गदरवाल्यांवरच्या १९१७-१८ च्या सॅन फ्रान्सिस्को खटल्यातल्या आरोपींची यादी आधी बघा.

टिपणवही
वणवा, प्रत्येक गिरणीकामगार गदरवाला नव्हता. पोटासाठी गेलेलेच जास्त, आणि त्यांनाही सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅमच्या गिरण्यांतून गोऱ्या जमावाने मारून हाकललं.
रानजाई, 'काढून घेतलं' यावरून ठिंड खटला आठवतो. तेव्हा नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की पंजाबहून आलेले भगतसिंग ठिंड सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे गोरे नाहीत. मग आधी नागरिक झालेल्या भारतीयांवरही खटले भरले. असंच नागरिकत्व गेलेल्या वैष्णो दास बगाईंनी सगळं गमावून १९२८ मध्ये जीव दिला. ठिंडचे वकील सखाराम गणेश पंडित मात्र स्वतःवरचा खटला जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच घेतलं नाही.

सातासमुद्रापार
अशा नात्यावर आता व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही, आधीच सांगून ठेवतो. माझ्या मेहुण्याने वकिलाला उगाच पैसे घातले.

रानजाई
व्हिसा मागितलाय कोणी? माझा प्रश्न कागदांचा आहे.

पेशीपुराण
डीएनए चाचणी करा. मला त्यातून टोरांटोची चुलत बहीण सापडली. तिकडे मुलंबाळं असतील तर लगेच कळेल.

रानजाई
आईच्या कपाटात जुन्या पत्रांबरोबर एक कागद आहे, त्याचा फोटो व्यनित टाकलाय. वर 'डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन'. सिअ‍ॅटल, नोव्हेंबर १९२१. रंग 'व्हाइट', आणि त्याच ओळीत चेहऱ्याचा वर्ण 'डार्क'! उंची, डोळे, केस, डाव्या भुवईवर व्रण, सगळं लिहिलंय. जहाजाचं नाव पुसट आहे. हाच ना नागरिकत्वाचा कागद?

टिपणवही
हा पहिल्याच दिवशी टाकायला हवा होता! हे नागरिकत्व नव्हे, नागरिक व्हायची इच्छा नोंदवणारा पहिला कागद. १९०६ च्या कायद्याप्रमाणे त्यानंतर किमान २ वर्षं थांबूनच खरा अर्ज करता येई. तुमच्या चुलत पणजोबांची २ वर्षं नोव्हेंबर १९२३ मध्ये भरतात. ठिंडचा निकाल त्याच्या नऊ महिने आधीचा. म्हणजे काढून घेतलं नसावं, दारच बंद झालं.

वणवा
घरच्या माणसांनी शंभर वर्षं जपलेली आठवण तुम्ही एका कागदावरून खोटी ठरवताय.

टिपणवही
खोटी नाही म्हणत. हातातोंडाशी आलेलं गेलं, तर माणूस घरी 'काढून घेतलं' असंच लिहील.

छावणी
एक वाट राहते. ते अमेरिकी सैन्यात होते का? महायुद्धातल्या सैनिकांना पहिल्या कागदाशिवाय थेट अर्ज करता येत होता. ठिंड स्वतः सैनिक होते आणि माजी सैनिकांसाठीच्या १९३५ च्या कायद्यामुळे १९३६ मध्ये पुन्हा नागरिक झाले.

रानजाई
सैन्याचं कधी ऐकलं नाही. आता अर्ज कुठे करू?

टिपणवही
अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याचा वंशावळ विभाग आहे. सप्टेंबर १९०६ ते मार्च १९५६ मधल्या नागरिकत्वाच्या फायली तिथे आहेत. आधी फक्त सूची-शोधाचा, म्हणजे त्यांच्या नावाची फाइल आहे का ते बघायचा, अर्ज करा. उत्तर महिन्याभरात येईलच असं धरू नका.
तोवर १९३० आणि १९४० ची जनगणना फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघा. वंशाच्या रकान्यात 'हिंदू' होतं, शीख-मुसलमानांनाही तेच लावायचे. आडनावातल्या 'व'ला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही लावा, शेवटच्या 'कर'चं 'कार' करून बघा. नाहीच जमलं तर आडनाव सोडून जन्मदेश आणि वय टाका.
१९५० चीही खुली झाली आहे, ती सोडू नका. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना पुन्हा नागरिक होता येऊ लागलं. तोवर ते हयात असतील तर तिथे नागरिकत्वाचा रकाना आहे.

रानजाई
१९३० ला बसते आता. फक्त सिअ‍ॅटल निवडू की सगळं वॉशिंग्टन राज्य?

टिपणवही
सगळं राज्य, आणि ऑरेगॉनही. गिरणीवाले एका गावात टिकत नसत. जहाजाच्या नावाचा फोटो जवळून, उजेडात काढून पुन्हा पाठवा.