शेजारच्या शहरासाठी लोकल: रास्त मागणी की हट्ट?

रोजचा अपडाउनवाला: काल इथे एकाने लिहिलं, "पन्नास किलोमीटरवरच्या शहरासाठी लोकल मागणं हा हट्ट आहे, रस्ता रुंद करा, बस वाढवा, विषय संपला." डोकंच फिरलं वाचून. अकरा वर्षं अपडाउन करतोय मी, पाऊस पडला की सव्वा तासाचे अडीच तास होतात, आणि रस्ता रुंद झाला की तेवढ्याच गाड्या वाढतात, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बसमध्ये माणसं मावणार पन्नास-साठ, बारा डब्यांच्या लोकलमध्ये उभे धरून हजारावर सहज जातात. रूळ आहेतच, गाड्याही रोज समोरून जातात, आपल्यासाठी थांबत नाहीत एवढंच. सह्यांची मोहीम सुरू केलीय, सही करा.

निवृत्त ऑपरेटिंगवाला: "रूळ आहेतच" हे वाक्य मी रेल्वेच्या नोकरीभर ऐकलं. अहो, दर पाच किलोमीटरला थांबणारी गाडी, मेल आणि मालगाडी एकाच रुळावर आल्या की मागची जलद गाडी लोकलच्या शेपटीला अडकते. एक लोकल दोन-तीन गाड्यांची जागा खाते. लूप लाईन, म्हणजे एक गाडी बाजूला घेऊन दुसरीला पुढे सोडायचा जोडरूळ मागा, गाड्या एकामागोमाग जवळ सोडता येतील असे ऑटोमॅटिक सिग्नल मागा, शेवटच्या स्टेशनात गाडी परत फिरवायला मोकळा प्लॅटफॉर्म मागा. नुसत्या सह्यांनी काही होत नाही.

रोजचा अपडाउनवाला: होतं काका. स्कॉटलंडमधली बॉर्डर्स लाईन १९६९ मध्ये बंद केली, लोकांनी पिच्छा सोडला नाही, २०१५ मध्ये एडिनबरा ते ट्वीडबँक गाडी परत धावली.

निवृत्त ऑपरेटिंगवाला: धावली, पण तीही बहुतेक सिंगल लाईनवर, मध्ये फक्त समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडण्यापुरते डबल तुकडे. एक गाडी लेट झाली की समोरचीही रखडते. मी हेच तर सांगतोय, घाईत अर्धवट मागू नका.

मधल्या गावचा: निवेदन वाचलं. आमच्या गावच्या थांब्याचा उल्लेखच नाही. मग सही कशाला करायची, गाडी जाताना हात हलवायला?

पहिल्या गाडीचा: एका थांब्याला ब्रेक, दारं, परत वेग, दोन मिनिटं धरा. दहा गावांनी थांबा मागितला की वीस मिनिटं गेली, मग बसच बरी.

मधल्या गावचा: तुमची वीस मिनिटं महाग आणि आमच्या मुलींचं कॉलेज स्वस्त? माझ्या बहिणीने बारावीनंतर शिक्षण सोडलं, पहिली बस पोचेपर्यंत तिचं प्रॅक्टिकल अर्धं झालेलं असायचं. रूळ गेले आमच्याच शेतातून, हे विसरू नका.

पहिल्या गाडीचा: बहिणीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबणार नाही, नाहीच. एखादी मधल्या गावांत थांबणारी ठेवा, तेवढं मान्य.

मधल्या गावचा: "एखादी" म्हणजे दुपारी बाराची, माहितीये आम्हाला!

सह्या गोळा करणारी: भांडण थांबवा आणि माझं ऐका. रविवारी तीन तास वही घेऊन बस स्टँडवर उभी होते. एका ताईंनी पेन हातात घेतलं, अर्धं नाव लिहिलं आणि विचारलं, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" निवेदनात सकाळच्या दोन गाड्या आहेत, परतीबद्दल एक अक्षर नाही. त्या दुकानातून साडेआठला सुटतात. त्यांनी पेन खाली ठेवलं, अर्धं नाव अजून वहीत तसंच आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर ठरलेल्या अंतराने गाड्या सोडतात, साधारण तासाला एक, म्हणून चुकली तरी पुढची आहे हे माणसाला माहीत असतं. आपण रात्रीपर्यंत तासाला एक मागायला हवी. सकाळची गाडी मिळाली आणि परतीची नसली, तर माणूस बसचाच पास काढणार, मग रेल्वेवालेच म्हणतील "प्रतिसाद नाही" आणि गाडी बंद.

निवृत्त ऑपरेटिंगवाला: तासाला एक लगेच नाही निघणार, लिहून देतो. पण परतीच्या गाडीचं बाईंचं म्हणणं बरोबर आहे, हे मान्य करावंच लागेल.

रोजचा अपडाउनवाला: परतीचं राहिलं, चूक माझी. मी सहाला सुटतो, साडेआठवाल्यांचा विचारच केला नाही. काका, लूप कुठे हवा ते लिहून द्या, निवेदन परत लिहितो.

मधल्या गावचा: लिहा. थांब्याचं नाव दिसेपर्यंत आमच्याकडून एकही सही मिळणार नाही.