'पांढरा हत्ती' कशाला? आपली कोंबडी काय वाईट होती?

चेंबूरकर: मुंबईच्या मोनोरेलची बातमी वाचली. मथळ्यात पुन्हा तेच, 'पांढरा हत्ती', म्हणजे उपयोग कमी, पोसायचा खर्च फार! इंग्रजीतला व्हाइट एलिफंट उचलायचा, शब्दाला शब्द लावायचा, झालं मराठी. अहो, आपल्याकडे दारी हत्ती झुलणं म्हणजे वैभव. आणि पांढरा म्हणाल तर ऐरावत, चौदा रत्नांतला एक, इंद्राचं वाहन. तो फुकटखाऊ कधीपासून झाला? 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' असताना ही उसनवारी कशाला?

ताकभात: काका, चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला बंद झालं. माझ्या भाचीला आधी आणे समजवा, मग कोंबडी. शिवाय म्हण इथे बसतच नाही. मसाला एकदा घातला की संपलं, हत्तीला चारा रोज लागतो. मोनो २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिकिटांतून चालवण्याचाही खर्च कधी निघाला नाही. हे कोंबडीत कुठे दिसतं?

कडूकारले: +१. आणि इंग्रजांचा कसा हो? गोष्ट सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. राजाची मर्जी फिरली की तो दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा म्हणे. पवित्र जनावर, कामाला जुंपता येत नाही. राजाची भेट, विकताही येत नाही. पोसता पोसता माणूस भिकेला. (कहाणी रचलेलीही असेल, कारण १९१७ पर्यंत हाच हत्ती सयामच्या झेंड्यावर होता.) इंग्रज नुसता दलाल.

चेंबूरकर: म्हणजे इथे पूज्य, तिथे पूज्य, बदनामी तेवढी दलालाची. तीच आपण डोक्यावर घेतली! नाणी नकोत तर नकोत. आमची आई अशा प्रकाराला म्हणायची, 'खायला काळ नि भुईला भार'. घ्या, रोजचा चाराही आला.

ताकभात: हे झकास! पण ते घरबशा माणसाला म्हणतात ना? आणि मोनो तर खांबांवर.

चेंबूरकर: खांब कशावर उभे आहेत?

शिळा_मथळा: वर्तमानपत्रात बरीच वर्षं रात्रपाळी केली म्हणून सांगतो. अकरा वाजलेत, पान छपाईला सोडायचंय, दोन कॉलमांचा मथळा. 'पांढरा हत्ती' एका ओळीत बसतो. तुमची कोंबडी तीन ओळी खाते, वर मसाला. 'उधळपट्टी' लिहावं तर कोणी केली ते द्यावं लागतं, मग साहेबांचा फोन. हत्ती कोणाचं नाव घेत नाही.

चेंबूरकर: बघा, हाच माझा खरा राग! हत्ती जसा काही आपणहून दारात येऊन बसला.

कडूकारले: उलट, सयामच्या गोष्टीत देणारा राजा आहे की. आपण लिहिताना तेवढा गाळतो.
बाकी हत्ती म्हणून तरी हा कसला? ऑगस्ट २०२५ च्या पावसात हार्बर लोकल थांबली, सगळी गर्दी मोनोत शिरली, तर वजन झेपेना म्हणून गाडी म्हैसूर कॉलनीजवळ अधांतरी अडकली. माणसं शिडीवरून उतरवली.

ताकभात: मी एकदा भर दुपारी सात रस्त्याहून बसले होते. चार डबे, एक मी आणि आडवा होऊन घोरणारे एक आजोबा. वडाळ्याला उठवलं तर म्हणाले, "उतरायचं नाहीये, एसी चांगलाय."

चेंबूरकर: चला, आजोबांना तरी लाभला.