वय ७२. मोडी शिकायला घेऊ का? आणि काम अर्धवट राहिलं तर?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. वय ७२, निवृत्त. घरी माळ्यावर मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचं एक गाठोडं आहे, साधारण दोनशे कागद. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. मधुमेह आहे, आटोक्यात आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

धडधाकट अशी आठ-दहा वर्षं हातात असतील, कदाचित कमीही. मरणाची भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. पण उरलेला वेळ वर्तमानपत्र, गोळ्या आणि दुपारची झोप यांतच संपेल, ही टोचणी त्याहून मोठी आहे. म्हणून विचारतो:

या वयात मोडी वाचण्याइतपत येते का, किती दिवसांत? घेतलेलं काम मध्येच थांबलं तर सगळं वाया जातं का? आणि त्याआधी मृत्युपत्र वगैरे कागद कसे मार्गी लावावेत? त्यांचा विचार मनातून जात नाही, त्यामुळे दुसरं काही सुरूच होत नाही.

बोरू_आणि_टाक

काका, येते. रोज पाऊण तास दिलात तर तीन-चार महिन्यांत बाराखडी आणि स्वच्छ हस्ताक्षरातलं पत्र अडखळत का होईना वाचता येतं. निरनिराळ्या कारकुनांची वळणं ओळखायला मात्र एक-दीड वर्ष जातं. पुराभिलेख संचालनालयाचे अल्पमुदतीचे वर्ग असतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही चौकशी करा.

वाचण्याआधी लिहायला शिका. बहुतेक जण नुसता तक्ता पाहून वाचायला बसतात आणि महिन्याभरात कंटाळतात. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतात आणि खाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. अक्षराला तो आकार का आला, हे हात फिरल्याशिवाय कळत नाही. रोज एक पान देवनागरीतून मोडीत उतरवा, दुसऱ्या दिवशी तेच पान मोडीतून वाचा.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात. त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे अर्थावरून ठरवावं लागतं. त्यात संक्षेप: मु॥ म्हणजे मुक्काम, रा॥ म्हणजे राजश्री. पण हिशेबाच्या कागदात याच दोन उभ्या रेघा अर्धा रुपया दाखवतात (एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण). तुमचं नाव पाहता हिशेबाची सवय असावी. मग जमाखर्चाचे कागद आधी घ्या. बेरीज जुळली की आपलं वाचन बरोबर आलं का ते तिथल्या तिथे कळतं. ही सोय पत्रात नाही.

पहिले सहा महिने पेशवेकालीन वळण घ्या, ते सुबक असतं. इंग्रजी अमदानीतलं घाईत लिहिलेलं मोडी नंतर.

अर्धवट राहण्याबद्दल एक उदाहरण देतो. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांतल्या, निवडक कागदांचे ४५ खंड संपादले ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. त्यांचा जन्म १८६५ चा आणि ते काम १९२९ नंतरचं. त्यांचा मराठ्यांचा मोठा इंग्रजी इतिहास पुरा झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मला त्यांच्या वयापेक्षा कामाची मांडणी महत्त्वाची वाटते. एकेक खंड एकेका विषयाचा. पुढचा निघाला नसता तरी मागचा वाया गेला नसता. तुमच्याकडे एक कागद हेच एक पूर्ण काम समजा. फोटो, लिप्यंतर (मोडीचं देवनागरीत), चार ओळींचा सारांश. तेवढं झालं की तो कागद संपला.

शेवटचं_पान

तिसऱ्या प्रश्नाचं सांगते. टाळलात तर वर्षानुवर्षं मनात राहील. मनावर घेतलंत तर दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

मृत्युपत्र: साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. वाद तिथूनच निघतात. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं, हा सर्वांत मोठा गैरसमज. नॉमिनीच्या हाती पैसे किंवा फ्लॅट येतो तो वारसांच्या वतीने. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. आणि त्या मोडी कागदांसाठीही मृत्युपत्रात एक ओळ लिहा. सोन्याचांदीची यादी सगळे करतात, गाठोडं रद्दीत जातं.

लिव्हिंग विल: आजार बरा होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वास वगैरे लावू नये, ही इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घाला, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. निर्णय डॉक्टरांची दोन मंडळं घेतात, एकटं कुटुंब नाही. हे सक्रिय दयामरण नव्हे. अडतं कुठे, तर कागद लॉकरमध्ये असतो आणि रात्री अतिदक्षता विभागात मुलं कृत्रिम श्वास लावायला सही करून मोकळी होतात. म्हणून मुलांना समोर बसवून वाचून दाखवा. अवघड संभाषण आहे, पण त्याला पर्याय नाही.

देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरतात. अर्ज भरला म्हणजे देह जाईलच असं नाही, ऐन वेळी नातेवाइकांची तयारी लागते. शवविच्छेदन झालं, अपघाती मृत्यू असला, काही संसर्गजन्य आजार असले तर देह नाकारतात. घरी मृत्यू आला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला देणारा डॉक्टर आधी ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता तो मिळत नाही आणि त्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा मधुमेह आड येत नाही.

हे सगळं एका फायलीत ठेवा आणि फाईल कुठे आहे ते दोघांना सांगा.

वाळवी_नको

गाठोड्याला हात लावण्याआधी थोडं थांबा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आधी उरका. त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी वाचनाचा नंबर स्थिर होतो, चष्मा तेव्हाच करा. मूळ कागद भिंगाने वाचत बसण्यापेक्षा फोटो काढून टॅबवर मोठा करून वाचा.

कागद उलगडताना मास्क लावा, बुरशीची धूळ छातीला वाईट. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. घडी कडक झाली असेल तर जोर लावू नका. ओलं फडकं अजिबात नको, काजळीची शाई पाण्याने पसरते. इस्त्री, सेलोटेप आणि लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. लॅमिनेशन केलेला कागद पुढे कोणी सोडवू शकत नाही, आणि लोक ते हौसेने करतात म्हणून जीव तुटतो. मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन कागदाला समांतर धरून काढा. क्रमांकाची चिठ्ठी कागदाशेजारी ठेवा, कागदावर पेन चालवू नका.

मग एक वही: क्रमांक, फोटोचं नाव, काळ, गावं आणि माणसं, वाचून झालं का, कुठे शंका. लिप्यंतर ओळीला ओळ. संशयित अक्षर चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह, फाटलेल्या जागी टिंबं. शुद्धलेखन सुधारायचं नाही. उद्या दुसऱ्या कोणाला वही उघडून पुढच्या क्रमांकापासून सुरू करता आलं पाहिजे. दर महिन्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी.

एक सावधगिरी. हात बसला की गावातले लोक जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४, घेऊन येतील. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहे. मदत जरूर करा, पण अडलेलं अक्षर अंदाजाने भरू नका. त्यावर कुणाचा तरी जातीचा दाखला अवलंबून असतो.

जमाखर्च

सर्वांचे आभार. मृत्युपत्राचा मसुदा या आठवड्यात करतो. एक शंका: एका कागदाचा फोटो ओळखीच्यांना दाखवला, त्यांनी वाचून सांगितलं: 'सुरू सन इहिदे सितैन मया व अलफ'. हे कुठलं साल?

बोरू_आणि_टाक

ही जुन्या कागदांतली सुहूर सन ही कालगणना. अरबी अंकनामं आहेत, एकक आधी येतो. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून मृग ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग असेल तर ६००. म्हणजे १७६० किंवा १७६१, पानिपतचंच वर्ष. कोणता भाग ते तारखेवरून ठरेल. शेवटी 'छ' आणि पुढे आकडा शोधा, तो हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख. त्या दोन ओळींचा फोटो जवळून काढून इथे टाका.