पिल्लं कोण उचलतंय कळेना, घार की अजून काही?

परसदार_राजापूर
नमस्कार मंडळी. घरामागं परसात ९-१० गावठी कोंबड्या आहेत. एक रवणीला बसवली होती, १४ अंड्यांतून १२ पिल्लं निघाली, आज १८ दिवस झाले आणि उरलीत ७. ना रक्त ना पिसं, पिल्लू गायबच. आई म्हणते घार, पण काल मी पडवीत चहा घेत बसलेलो, आभाळात काहीच नव्हतं, एकदम कोंबडी क्रर्र करून ओरडली, पिल्लं अबोलीच्या झुडपात घुसली आणि राखाडी काहीतरी जमिनीलगत सुर्रकन गेलं ते थेट फणसावर. कबुतराएवढंच असेल. जुन्या सीडी टांगल्या, ४ दिवस बरं होतं मग परत सुरू. कोंडून ठेवली तर खाद्य परवडत नाही. काय करू?

रानवाटा
घार नाही दादा, शिक्रा आहे तो. घार वर घिरट्या घालताना दिसतेच, शेपटीला मधे खाच असते, उघड्या अंगणात झेप घेते आणि खाली न बसताच पायात उचलून निघून जाते. शिक्रा झाडात गप्प बसून राहतो, छातीवर आडव्या बारीक रेघा, मोठ्या नराचे डोळे लाल. घारीसाठी आमच्याकडे अंगणावर हात-हात अंतरानं सुतळ्या ताणतात, पंख पसरून उतरायला अडचण होते म्हणून ती टाळते, पण शिक्रा त्यातून आरामात आत येतो. उन्हाळ्यात त्याचीही पिल्लं घरट्यात असतात म्हणून फेऱ्या वाढतात.

गोफणवाला
एवढा अभ्यास कशाला राव, छर्‍याची बंदूक घ्या नाहीतर मेलेल्या पिल्लाला औषध लावून ठेवा, दोन दिवसात विषय कट.

माईची_कोंबडी
असलं कायपण सांगू नका हो. शिकारी पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते औषध लावलेलं पिल्लू आधी तुमचंच कुत्रं खाईल.

परसदार दादा, धोका मुख्य पहिले दीड-दोन महिने, तेवढं निभावलं की शिक्रा सहसा नादाला लागत नाही. डालग्याखाली किती वेळ ठेवणार, म्हणून आम्ही बांबूचा १० बाय ४ फुटी बिनबुडाचा पिंजरा केलाय, आई आणि पिल्लं आत, रोज सकाळी दोघांनी धरून पुढच्या गवतावर सरकवायचा. वाळवी, किडे, कोवळं गवत तिथंच मिळतं, कण्या कमी लागतात. अर्ध्या भागावर झावळ्या टाका, ऊनही लागत नाही आणि पिल्लांना लपायला होतं.

जाळीचं मात्र नीट ऐका. पहिल्या वर्षी मी मासे पकडायची जुनी नायलॉनची जाळी खालपर्यंत सोडली आणि सकाळी बघते तर त्यात हीऽ लांब धामण अडकलेली, नवऱ्यानं तोंड धरलं आणि मी कात्रीनं एकेक धागा कापत अर्धा तास. तेव्हापासून बाजूला बारीक भोकांची लोखंडी जाळी, नायलॉन फक्त वर आणि तेही ताणून, ढिलं असलं की पक्षी गुरफटतो. रात्री खुराड्यातच घ्या, मुंगूस या जाळीखालून उकरतं.

आणि भारद्वाजावरही लक्ष ठेवा, दिसला की शकुन म्हणतो आपण, पण मेला अंडी आणि लहान पिल्लं दोन्ही खातो.

रानवाटा
+१. जवळच्या झाडावर कोतवालाचं घरटं असेल तर ती फांदी तोडू नका, घारीला आणि शिक्र्याला टोचून टोचून हाकलतो तो.

परसदार_राजापूर
ताई, पिंजरा केला, १२ दिवस झाले, ७ ची ७ आहेत. बांबू घरचाच, फक्त जाळी विकत आणली. शिक्रा अजून येतो, काल तर पिंजऱ्याच्या वरच बसलेला आणि खालून आमची कोंबडी त्याला अशा शिव्या घालत होती की आई भाकरी टाकून बाहेर आली.