मुलाचं तोंड वाकडं झालंय, मदत हवी आहे

माळावरचा: मुलगा हसला की तोंड एकाच बाजूला जातंय. उजवा डोळा झोपेतही पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. किती थांबायचं? पुण्यात नसेचं ऑपरेशन चांगलं कोण करतं? लवकर सांगा.

नानबा: बेल्स पाल्सी, म्हणजे अचानक चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते ती. आमच्या मेव्हण्याला झाली होती. स्टेरॉइड घेतलं, महिन्यात टकाटक. फिजिओकडून करंट लावून घ्या.

माळावरचा: बेल्स नाही हो, पडलाय तो. झोपाळ्यावरून, डोक्यावर. सात वर्षांचा आहे.

अनुजा_क: अहो, हे आधी सांगायचं ना! कानातून रक्त आलं का? तोंड पडताक्षणी वाकडं झालं की नंतर? सीटी काढला?

खारी_बिस्कीट: लसणाचं तेल कोमट करून कानात दोन थेंब.

अनुजा_क: तेल अजिबात नको! पडदा फाटलेला असू शकतो. कानातून पाण्यासारखं पातळ काही आलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, लगेच हॉस्पिटल गाठा.

खारी_बिस्कीट: आमच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

माळावरचा: रक्त थोडं आलं, थांबलं. तोंड दोन-तीन दिवसांनी वाकडं झालं. सीटीत टेम्पोरल बोनला, म्हणजे कानाजवळच्या कवटीच्या हाडाला, फ्रॅक्चर लिहिलंय.

अनुजा_क: मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासण्या करते, सर्जन नाही. पण चेहऱ्याची नस त्याच हाडातल्या अरुंद नळीतून जाते. पडल्या पडल्या हालचाल बंद झाली तर नस तुटल्याची शंका. उशिरा बंद झाली तर बहुधा सूज, आणि बहुतेक मुलं ऑपरेशनशिवाय बरी होतात. म्हणून 'थांबू'. पण ईएनटीला नसेच्या चाचणीबद्दल विचारा. प्रतिसाद ९० टक्क्यांहून जास्त घटला तरच सहसा ऑपरेशनचा विषय निघतो, आणि ती चाचणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उपयोगाची. ऐकू येण्याची तपासणीही राहू देऊ नका.

नानबा: आणि करंट?

अनुजा_क: नानबा, त्यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही.

पेठकर: मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जचे कागद जपा. आणि सोसायट्या झोपाळ्याखाली फरशी घालतातच का? वाळू हवी.

माळावरचा: क्लेमचं कोणी विचारलंय? ताई, तो डोळा सकाळपासून लाल आहे.

अनुजा_क: आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पापणी मिटत नसली की बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद करायची. टेप कशी लावायची ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

माळावरचा: निघालो.

नानबा: वाळूत मांजरं घाण करतात, पेठकर. रबरी मॅट टाका.