१८५७ वाचायचं ते गोडसे भटजींकडून की शौर्यगाथांमधून?

सीताबर्डीकर:
१८५७ वरचं एकच पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं तर मी विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ देईन. वीररसाची पुस्तकं मोठेपणी वाचतीलच. कोकणातला गरीब भिक्षुक, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडला. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशी वेढली तेव्हा हा आतच. शहर पडल्यावरच्या कत्तलीत लपून जीव वाचवला. लुटीलाही क्रम होता म्हणतो: आधी सोनंचांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, शेवटी दाणागोटा. या माणसाला काहीच सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

महालातला_म्हातारा:
भाबडेपणा आहे हा. लिहिलं पंचवीसेक वर्षांनी. छापलं १९०७ मध्ये, तेही चिं. वि. वैद्यांनी भाषा बदलून, काटछाट करून. मूळ पोथीचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. तोवर लोक वैद्यांचे गोडसेच वाचत होते! शिवाय इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडवणारी ८४ कलमं ठेवली, ही कथा भटजी खरी म्हणूनच सांगतात. असला कागद कुठे आहे?

सीताबर्डीकर:
कागद नाहीच. पण धर्म बुडवायला निघालेत ही भीती वाटेवरच्या माणसांत किती खोल गेली होती, ते या ८४ कलमांवरून कळतं. सरकारी दप्तरात हे सापडणार नाही. काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग घ्या. धुळीने माखलेली राणी विहिरीवर भटजींना पाणी काढू देत नाही, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते म्हणते. पराभवातही रिवाज सुटत नाही. हे रचायला कादंबरीकार लागतो, आणि हे गृहस्थ तर दक्षिणेचे हिशेब लिहिणारे.

महालातला_म्हातारा:
पंचवीस वर्षं तीच गोष्ट घरी सांगितली की कोणीही कादंबरीकार होतो.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमी दोघंही झाशीतच काहून अडकून राहिले बाप्पा? आपल्या नागपुराचं बोला ना. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, दुसऱ्या वर्षी राज्य खालसा, भोसल्यांचे हत्ती-घोडे-जवाहीर लिलावात. १३ जून १८५७ ला नागपुराजवळच्या टाकळीत इंग्रजांच्या देशी घोडदळाचा उठायचा बेत होता, तो फुटला, लोकं फासावर गेले. राज्य गेलं तरी भोसल्यांच्या घरच्या थोरल्या राणी बांकाबाई इंग्रजांच्याच बाजूनं राहिल्या. आता सांगा, टाकळीच्या स्वारांचा गोडसे कोण? आपण वाचतो ते सगळं इंग्रज कमिशनरच्या बाजूचं.

महालातला_म्हातारा:
हे मात्र बरोबर बोललात. पण त्यातून आठवणी खऱ्या ठरत नाहीत. इंग्रजी पत्रांतून निदान तारीख मिळते, पलटण कळते. त्यांची उलटतपासणी करता येते.

सीताबर्डीकर:
भटजींचीही करा की! थॉमस लो हा ह्यू रोजच्या फौजेतला डॉक्टर, त्याचं पुस्तक १८६० चं. झाशीची प्रकरणं दोन्हीकडची शेजारी ठेवून वाचा. एक तटाबाहेरून आत आलेला, दुसरा आत दडलेला.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् टाकळीसाठी शेजारी काय ठेवायचं, भाऊ?